मानाची सीट

मी हदगावच्या व्यंकटरावांची पांढरी गाडी बोलतेय. दारापुढच्या लिंबाखाली उभी आहे, टपावर निंबोळ्या पडताहेत आणि मी अजून हादरलेलीच आहे. तुम्ही म्हणाल, लोखंडाला कसला आलाय हादरा? येतो हो. माणसांच्या घरात राहिलं की लोखंडालाही येतो.

मी जन्मले पुण्याजवळ, चाकणच्या कारखान्यात. जन्मतःच मी अंगापिंडानं भक्कम. उंच टाच, रुंद छाती, पोटात दमदार इंजिन, डोक्यावर काचेचं सरकतं छप्पर. मागं बघायला कॅमेरा, पुढं काही आडवं आलं तर आपणहून ब्रेक मारायची अक्कल, आणि अंगात ठिकठिकाणी घडी घालून लपवलेल्या एअरबॅगा. मला माझा गर्व होता, खोटं कशाला बोलू? माणसांना सुखरूप नेणं-आणणं एवढ्यासाठीच आपला जन्म, असं मी धरून चालले होते.

तिथंच मी एक गोष्ट पाहिली. माझ्यासारख्याच एका गाडीला मुद्दाम भिंतीवर आदळलं. आत माणसाएवढ्या बाहुल्या बसवल्या होत्या आणि त्या बाहुल्यांनासुद्धा पट्टे बांधले होते. लेकराएवढी जी बाहुली होती, ती मागच्या सीटवर, तिच्या वेगळ्या छोट्या खुर्चीत घट्ट बसवलेली. पुढं एकही छोटी बाहुली नव्हती. का नव्हती, ते फुगा उघडला तेव्हा कळलं. पुढची एअरबॅग पापणी लवायच्या आत धाडकन बाहेर येते. ती मोठ्या माणसाची छाती अडवायला केलेली असते. तिच्यापुढं लहान लेकराचं डोकं आलं तर ती वाचवत नाही, मारते. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे आणि हेच माझं सगळं दुखणं आहे.

व्यंकटरावांचं कुटुंब मला न्यायला नांदेडला आलं तो दिवस मोठा थाटाचा होता. माझ्या गळ्यात हार, नाकावर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. तारामतीबाईंनी, म्हणजे व्यंकटरावांच्या मालकिणीनं, मला ओवाळलं आणि लेकाला बजावलं, "पोरीवानी जप रे दयानंद हिला." दयानंदचं हदगावला बी-बियाण्याचं दुकान आहे. गाडी चालवायची ती त्यानंच. त्याची बायको रेणुका लाजत लाजत माझ्या दारावर हात फिरवत होती आणि त्यांची चार वर्षांची तनू काचेला नाक लावून आत बघत होती. मला वाटलं, घर चांगलं मिळालं. आणि चांगलंच आहे हो. वाईट माणसं असती तर मला इतका धक्का बसलाच नसता.

पहिला धक्का तिथंच, शोरूमच्या दारात बसला. पुढची सीट म्हणजे घरातल्या कर्त्या माणसाची जागा. व्यंकटराव धोतर सावरत तिथं बसले आणि बसल्या बसल्या त्यांनी हात पसरले, "ये माय, आजाच्या मांडीवर."

तनू टुणकन उडी मारून त्यांच्या मांडीवर बसली. डॅशबोर्डला पालथे पंजे टेकवून, काचेतून पुढं बघत. तिचं डोकं बरोब्बर फुग्याच्या झाकणासमोर. मी जीव खाऊन टुंग टुंग करायला लागले.

"काहून वरडून राहिली ही?" व्यंकटराव म्हणाले.

"बेल्ट लावा म्हणती, बाबा."

"बेल्ट इमानात लावतेत. आपल्याला हदगावला जायचंय." सगळे हसले. मी अर्धापूर येईपर्यंत ओरडत होते.

मग पुढच्याच आठवड्यात दयानंदनं कुठूनशी दोन क्लिपा आणल्या. नुसत्या क्लिपा, त्यांना पट्टा नाहीच. त्या दोन्ही पुढच्या सीटांच्या खोबणीत खटखट बसवल्या आणि मी गप्प झाले. म्हणजे बघा, मला वाटायला लागलं की दोघांनी पट्टे बांधलेत. माझ्या तोंडात बोळा कोंबला असता तर निदान बोळा तरी कळला असता. इथं माझ्याकडूनच खोटं वदवून घेतलं. आणि हे करणारा माणूस शेतकऱ्यांना रोज सांगतो, औषध फवारताना तोंडाला फडकं बांधा, जिवाशी खेळ नको!

आपणहून ब्रेक मारायची माझी अक्कलही अशीच गेली. आमच्या रस्त्यावर काय कमी गुंता असतो? म्हशी, शेळ्या, तिघं बसलेली मोटरसायकल, मधेच वळणारा ट्रॅक्टर. मी आपली इमानदारीनं ब्रेक मारायची. तारामतीबाईंना वाटलं, गाडीला बाहेरचं काही लागलंय. त्यांनी पुढं काळी बाहुली बांधली. दयानंदला खरं कारण माहीत होतं, पण त्यालाही ते कटकटीचं वाटलं. त्यानं पडद्यावर बोट फिरवलं आणि माझी अक्कल बंद केली. बाईंना वाटलं, बाहुलीचा गुण आला.

माझ्या पुढच्या फळीवर, ऊन अडवायला जी खाली ओढतात तिच्यावर, एक चित्र आहे. पुढच्या सीटवर लेकरू आणि त्यावर लाल फुली. अक्षर न येणाऱ्यालाही कळावं असं. त्या चित्रावर तनूनं फुलपाखरू चिकटवलं. तिला काय कळतंय? पण मोठ्यांनीही "वा, लई छान" म्हटलं, तेव्हा मी मनात कपाळावर हात मारून घेतला.

एकदा रेणुकानं विषय काढला होता. "मामंजी, ती मागं बसली तर न्हाई का चालणार? अचानक ब्रेक लागला तर..."

व्यंकटरावांनी आपले दोन्ही हात पुढं केले. शेतकऱ्याचे हात, मनगटं पहारीसारखी. "या हातानं मी देवणीचा वळू आवरलाय, सूनबाई. नातीला आवरणार न्हाई होय? माझ्यापरीस मजबूत पट्टा कोन्त्या कारखान्यात भेटतो?"

सासऱ्यापुढं रेणुका किती बोलणार? आणि व्यंकटराव खोटं बोलत नव्हते. त्यांची माया खरी, हातही खरे. पण मी वेगात असताना एकदम थांबले ना, तर मांडीवरचं लेकरू वळूपेक्षा जड होतं. कोणाच्या बापाच्यानं ते धरवत नाही. शिवाय धरलं तरी पुढं फुगा होताच. अहो, ज्या गाडीत बसून लेकरू हसतंय, त्या गाडीलाच आपल्या छातीत दडलेल्या वस्तूची भीती वाटावी? मला माझीच भीती वाटायची. तनू गाणं म्हणत माझ्या डॅशबोर्डवर थापा मारायची आणि मी देवाला म्हणायचे, काही झालं तरी माझा फुगा उघडू देऊ नको. गाडीनं देवाकडं असलं मागणं मागावं, काय म्हणावं याला!

बाकी त्यांच्या घरी माझा संसार झकास चालला. मळ्यातल्या वाटेनं, नाल्यातून, चिखलातून मी कुठं अडले नाही. हिमायतनगरच्या लग्नात नवरदेव माझ्या छपरातून अर्धा बाहेर निघून नाचला, तेही सोसलं. मी कुणाच्या कामाला नाही म्हटलं नाही.

मग यंदा अधिक महिना आला. आपल्याकडं अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण असतं, ते तुम्हाला सांगायला नको. त्या महिन्यात जावई म्हणजे नारायण. व्यंकटरावांची लेक पुनम लातूरला दिलेली. तिचा नवरा शिवशंकर तिथं कॉलेजात शिकवतो. मितभाषी, नाकासमोर चालणारा माणूस. लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक, म्हणून दयानंद आणि व्यंकटराव त्यांना आणायला स्वतः निघाले. तनू रडून गाडीत चढली. जाताना अख्खा रस्ता ती पुढं, आजोबांच्या मांडीवर. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. मी श्वास रोखून लातूर गाठलं.

लातूरच्या दारात निघताना पुढच्या सीटचा प्रश्नच नव्हता. व्यंकटराव स्वतः उठून मागं गेले आणि त्यांनी पुढचं दार उघडून धरलं. "बसा पाव्हणे. तुमचा मान."

"तुम्ही बसा की मामा," शिवशंकर म्हणाला. त्याच्या अंगावर नवा पांढराशुभ्र झब्बा-पायजमा.

"अधिकात जावई मागं? लोक तोंडात शेण घालतील माझ्या." मग तो बसला. क्लिप आधीच लावलेली होती, मी आधीच गप्प होते.

मागं व्यंकटराव, पुनम आणि मधे तनू. तनूला हे पटलं नाही. तिची जागा गेली होती. चाकूरपर्यंत तिनं भोकाड पसरलं, तेव्हा शिवशंकर वळून हात पसरत म्हणाला, "द्या हिकडं तिला. बसू द्या माझ्यापाशी."

पोरगी उठली. दोन सीटांच्या मधून तिनं एक पाय पुढं टाकलासुद्धा. तिच्या हातात आंबा होता, चोखून चोखून कोपरापर्यंत रस आलेला.

पुनमनं तिचा फ्रॉक मागून धरला. "नको बाई. यांचे कपडे कोरे हायेत, डाग पडला तर सासूबाई मला बोलतील." तिनं तनूला मागं ओढलं आणि पदरानं तिचं तोंड पुसलं.

एवढंच झालं. आंब्याच्या रसाचा डाग पडेल म्हणून.

अहमदपूर मागं पडलं. रस्ता नवा, रुंद, मोकळा. दयानंदला मेव्हण्याला माझी करामत दाखवायची हौस आली. "दाजी, आता हिचं पिकअप बघा." त्यानं पाय दाबला. मीही, खोटं सांगत नाही, अंगात आल्यासारखी पळाले. पळण्यात मला सुख आहे, तो माझा पिंडच आहे. शिवशंकर म्हणाला, "बास, बास, कळलं." तेवढ्यात डावीकडच्या शेतातून कडब्यानं भरलेली ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर सरळ रस्त्यावर चढला.

मला ती ट्रॉली दयानंदच्या आधी दिसली होती. पण माझी अक्कल बंद होती. दयानंदनं ब्रेक मारला, मी रस्त्याला नखं रोवली, चाकं किंचाळली, आणि तरी माझं नाक ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यात घुसलं. दोन्ही फुगे उघडले.

मग सगळं पांढरं. धूर, जळका वास, बॉनेटवर कडब्याच्या पेंढ्या. दयानंदची छाती फुग्यावर आदळून तो दम घ्यायला धडपडत होता. शिवशंकर, पट्टा न बांधलेला, सगळ्या अंगानिशी पुढं फेकला गेला होता. नाकाचं हाड मोडलं, मनगट मोडलं. तो कोरा झब्बा छातीपासून खालपर्यंत लाल झाला. तनू पुढच्या सीटच्या पाठीवर आपटली. कपाळाला टेंगूळ आलं, ओठ फाटला. ती मोठ्यानं रडली. तिचं रडणं ऐकून माझा जीव भांड्यात पडला, कारण रडतंय म्हणजे आहे.

ट्रॅक्टरवाल्याला काही झालं नव्हतं. त्यानंच सगळ्यांना बाहेर काढलं, पाणी दिलं. नांदेडला दवाखान्यात नेलं. नारायणाचं धोंड्याचं जेवण तसंच राहिलं.

आता ऐका माझा खरा धक्का. मला वाटलं, आता यांना कळेल. झब्ब्यावरचं रक्त बघून तरी एखादा म्हणेल, इथं रोज कोण बसायचं? कोणी म्हटलं नाही! घरात रोज बोलणं एकच. जावयाचं नाक फुटलं, लातूरकरांना काय तोंड दाखवायचं? तारामतीबाईंनी बाहुली बदलली. शेजारीपाजारी येऊन माझ्या फुटक्या नाकाकडं बघत म्हणायचे, ट्रॉलीनं काय केलं असतं, त्या फुग्यानंच पाव्हण्याला मारलं. आणि दयानंदनं हे मनावर घेतलं. माझं नाक ठोकून सरळ करायला दिलं तेव्हा तो गॅरेजवाल्याला म्हणाला, "फुगे नवे बसवू नको. उगं डोक्याला ताप. वरून शिवून टाक." माझ्या डॅशबोर्डच्या भगदाडावर रेक्झिन ताणून बसवलं. पडद्यावर लाल दिवा जळत होता, त्याचीही वायर तोडली. बाहेरून बघाल तर मी कोरी करकरीत. आत माझ्याकडं आता वाचवायलाही काही नाही.

रेणुकानं एकदा विचारलं, लेकीच्या कपाळाला हळद लावता लावता. "मामंजी, ती त्या टायमाला कुठं बसली होती?"

"मागं. माझ्यापाशी."

"देवाची किरपा," ती म्हणाली आणि हळदीची वाटी घेऊन आत गेली.

मी दुरुस्त होऊन आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते माझ्यापाशी आले. घरात सगळे जेवून पडले होते. त्यांनी पुढचं दार उघडलं आणि आपल्या जुन्या जागेवर बसले. मग मांडीवर लेकरू धरावं तसे दोन्ही हात धरले. तनूचं डोकं जिथं येतं तिथं तळवा ठेवला आणि तो तळवा हळूहळू पुढं नेला. टीचभर जागा. लगेच रेक्झिन लागलं. त्यांनी पुन्हा तळवा मागं आणला, पुन्हा पुढं नेला. मग ते हात त्यांच्याच मांडीवर थरथरायला लागले. वळू आवरणारे ते हात, त्यांना आवरेनात. उपरण्यानं तोंड झाकून म्हातारा माणूस माझ्या सीटवर रडला. मी हादरले ते तेव्हा सगळ्यात जास्त. मला वाटत होतं, ही गोष्ट फक्त मलाच ठाऊक आहे.

पण घरात जाऊन त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. कसं सांगणार? पोरीला त्या जागेवर रोज हौसेनं कोणी बसवलं होतं? आणि दुसरंही होतं. ती वाचली म्हणायचं तर तिच्या जागी जावयाला लागलं, हेही म्हणावं लागणार. जावयाच्या दुखण्यावर आपण सुटकेचा श्वास टाकलाय, हे कोणत्या तोंडानं बोलायचं?

अधिक संपत आला तसं तारामतीबाईंनी धोशा लावला. राहिलेलं जेवण महिन्याच्या आत घातलंच पाहिजे. काल आम्ही पुन्हा लातूरला गेलो. जाताना व्यंकटराव मागं बसले आणि तनूला त्यांनी आपल्या शेजारी दाबून धरलं. दयानंद हसला, "बाबा भ्यायले."

लातूरच्या दारात शिवशंकर आला. हातात प्लास्टर, नाक थोडं वाकडं. त्याची आई उंबऱ्यात उभी होती. दयानंदनं माझं पुढचं दार उघडलं. "बसा दाजी."

शिवशंकर दोन पावलं मागं सरकला. "नको. मी मागं बसतो."

"अहो, मानाची जागा..."

"नको म्हटलं ना," तो हळू आवाजात म्हणाला.

दयानंद ओशाळला. मग सावरून हसला. "काढून टाकलेत ते फुगे. आता काय भ्याव न्हाई. बरं, ऱ्हायलं. तनू, ये तू मग पुढं. तुझी जागा मोकळी झाली." आणि तनू नाचत आली, माझ्या पायरीवर चढली आणि सीटवर गुडघे टेकले.

"उतर," व्यंकटराव म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण दयानंद जागीच थांबला. व्यंकटरावांनी पुढं होऊन नातीला उचललं, पण खाली ठेवेनात. सगळ्यांसमोर, विहीणबाईंसमोर, ते बोलायला लागले.

"दयानंद, त्या दिशी पाव्हणे नसते तर तिथं मी होतो. अन् माझ्या मांडीवर ही. पाव्हण्याचं नाक मोडलं, हात मोडला. एवढा मोठा मानूस. हिचं काय ऱ्हायलं असतं, सांग बरं? मीच बसवायचो हिला. मीच म्हनायचो, माझे हात हायेत." मग ते जावयाकडं वळले, पण त्यांना वर बघवेना. "पाव्हणे, माफ करा. तुमचं एवढं दुखलं, अन् मी रोज देवाला म्हनतो, बरं झालं. लई वंगाळ हाय, पन म्हनतो."

उंबऱ्यातली आई पदर तोंडाला लावून उभी. पुनम रडत होती. दयानंद माझ्या शिवलेल्या डॅशबोर्डकडं असा बघत होता, जणू ते त्याला आज पहिल्यांदा दिसलं.

मी धडधडत होते. जावयाला हे असं तोंडावर सांगायचं? अधिकात? या माणसानं आता पाठ फिरवली तर लेकीचं माहेर तुटलं.

शिवशंकर पुढं आला. त्यानं चांगल्या हातानं तनूच्या कपाळावरचा पुसट व्रण चाचपला. "मीच हात पसरले होते, मामा, द्या हिकडं म्हणून. पुनमनं ओढलं म्हणून वाचली. मलाबी तवापासून झोप न्हाई." आणि मग तो म्हणाला, "बरं झालं, मी एकटाच बसलो होतो."

त्यानं तनूला मागच्या सीटवर ठेवलं आणि स्वतः तिच्या शेजारी बसला. येताना पुढची सीट रिकामीच आली. लातूर ते हदगाव, मानाच्या जागेवर कोणी नाही.

आज घरात पुरण शिजतंय, धोंडे तळताहेत, हसण्याचा आवाज येतोय. दयानंद उद्या मला नांदेडला नेणार म्हणतो, माझे फुगे परत बसवायला. नेईल तेव्हा खरं. पण तुमच्या दारात माझी एखादी बहीण उभी असेल. ती बोलत नसेल, कारण तुम्हीच तिला गप्प केलं असेल. आम्हा गाड्यांना लेकरं फार आवडतात हो. त्यांच्या थापा, त्यांची गाणी, त्यांचे चिकट हात, सगळं आवडतं. म्हणूनच हात जोडते, तुमच्या लेकराला आमच्या छातीपासून लांब बसवा.